टाकीतले पाणी

सायंकाळी साडेपाचच्या सुमारास स्वयंपाकघरात लगबग सुरू असते, कारण सूर्य मावळण्याआधी सर्वांची जेवणे उरकायची असतात. त्याच वेळी घरामागच्या पत्र्याच्या शेडमधून एक दीर्घ फुत्कार ऐकू येतो. आधी जोरात, मग हळूहळू विरत जाणारा. "अण्णांचं आटपलं," असे म्हणत आक्का ताटे मांडायला घेतात. सांगलीतील या घरात हा क्रम कित्येक वर्षे चालत आला होता. मध्यंतरी दोन वर्षे तो फुत्कार बंद होता. आणि तो बंद आहे, हे घरातील कोणाच्याही ध्यानात आले नव्हते.

अण्णांची हयात मार्केट यार्डातील हळदीच्या अडतीवर गेली. ६६व्या वर्षी त्यांनी गादी थोरल्या मुलाच्या स्वाधीन केली आणि लहानपणापासून मनात दडलेली लाकूडकामाची हौस हाती घेतली. पाठशाळेच्या मुलांसाठी बैठी डेस्के, मंदिरात शास्त्र ठेवण्यासाठी चौक्या, कोणाच्या घरी मंगलकार्य असले तर चौरंग. लाकडाचे पैसे घ्यायचे, मजुरी घ्यायची नाही, असा त्यांचा शिरस्ता. व्यापाऱ्याच्या घरी हत्यारे आणि यंत्रे कशी, असे बाहेरच्यास वाटेल. परंतु १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळच्या उजाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, त्या जिल्ह्यात यंत्रवेडा माणूस कोणत्याही घरात निघू शकतो.

त्या शेडमध्ये एअर कॉम्प्रेसर का आला, त्याचे कारण मात्र खास जैन घरातले आहे. लाकडाला हाताने चढवायचे जुने, उत्तम पॉलिश म्हणजे लाखेचे. लाख ही किड्यांपासून मिळते, आणि ती मिळविताना असंख्य जीव मरतात. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्याचा समावेश आहे, तो याचसाठी. शास्त्राच्या चौकीलाच लाख लावायची, हे अण्णांच्या मनाला पटेना. दुसरा पर्याय एनसी लॅकरचा. ते इतके झटपट सुकते, की कुंचल्याने लावताना ओरखडे राहतात. ते फवाऱ्यानेच मारावे लागते, आणि फवाऱ्याला दाबाची हवा लागते. अशा रीतीने अहिंसेच्या विचारातून दोन अश्वशक्तीची मोटर घरात आली.

यंत्र जुने होते. गाड्या रंगविणारे एक गॅरेज बंद होत होते, तेथून १५,००० रुपयांत ते उचलले. शंभर लिटरची आडवी टाकी, तिच्या पाठीवर पंप आणि मोटर, दोहोंना जोडणारा पट्टा. टाकी नुकतीच निळ्या रंगाने चकाकत केलेली. "लोखंडाचा गोळा आहे, त्याला काय होतंय," असे विकणारा म्हणाला, आणि अण्णांनी मान डोलावली. पोत्याच्या तळातले हळकुंड काढून, मोडून, आतला रंग पाहिल्याशिवाय ज्यांनी चाळीस वर्षांत सौदा केला नाही, त्यांनी टाकीच्या पोटात काय आहे हे मात्र विचारले नाही. वरच्या रंगावर भुलणे हे केवळ गिऱ्हाइकाकडूनच घडते असे नाही.

जुन्या मालकाने यंत्राचा प्रेशर स्विच केव्हाच काढून टाकला होता. त्यामुळे सुरुवातीची सहा वर्षे सारा कारभार हातावर चाले. बटण दाबायचे, काट्याकडे पाहत उभे राहायचे, दाब आठ किलोवर आला की बंद करायचे. फवारा मारता मारता काटा साडेपाचावर उतरला की पुन्हा सुरू. सायंकाळी काम संपले की मोटर बंद करून, टाकीखालचा ड्रेन कॉक सावकाश उघडून तळाचे पाणी आणि उरलेली हवा सोडून द्यायची, हात धुवायचे आणि जेवायला यायचे. आक्कांना ऐकू येई तो फुत्कार हाच.

हवेच्या टाकीत पाणी कोठून येते, हा प्रश्न पाठशाळेतील मुले अण्णांना हमखास विचारत. पाणी हवेतच असते. पावसाळ्यात तीस अंशांच्या दमट हवेत घनमीटरमागे चोवीस-पंचवीस ग्रॅम बाष्प सहज असते. ती हवा दाबून नवव्या भागाच्या जागेत कोंबली, की तेवढे बाष्प तिला धरून ठेवता येत नाही. पिळलेल्या फडक्यातून गळावे तसे ते पाणी होऊन टाकीत उतरते. शंभर लिटरची टाकी एकदा भरली म्हणजे तीन-साडेतीन चमचे पाणी तळाशी जमा झाले असे समजावे. दिवसातून दहा वेळा भरली तर जवळजवळ एक पेला. त्यात पंपाच्या तेलाचा अंश मिसळून ते दुधी, चिकट होते. उन्हाळ्यात हेच प्रमाण पुष्कळ कमी. हे पाणी रोज काढले नाही तर टाकी आतून गंजत जाते, आणि बाहेरचा निळा रंग शेवटच्या दिवसापर्यंत तसाच चमकत राहतो.

सातव्या वर्षी एका दुपारी घोटाळा झाला. यंत्र चालू असताना अडतीवरून फोन आला. एका शेतकऱ्याच्या पट्टीत काही तफावत होती. अण्णा बोलत बोलत पुढच्या दारी गेले आणि तिकडेच गुंतले. काटा आठाच्या पुढे गेला, नऊच्या पुढे गेला, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह किंचाळत उघडला. आक्कांच्या हातातील वाटी खाली पडली, शेजारचे दोघे धावत आले. अनर्थ झाला नाही, कारण तो बोटाएवढा पितळी व्हॉल्व्ह आपले काम चोख करीत होता. तो जर अडकलेला असता तर? त्या रात्री नातवाने कागदावर गणित मांडून दाखविले. आठ किलो दाबाने भरलेल्या त्या टाकीत जेवढी शक्ती कोंडलेली असते, तेवढ्या शक्तीत पन्नास किलोची वीस पोती तीन मजले वर चढविता येतील. अण्णांनी पोत्यांचा तो हिशेब दोनदा वाचला. त्यांना तो आकड्यांपेक्षा लवकर कळला.

नातू तेव्हा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात होता. दिवाळीच्या सुट्टीत त्याने यंत्र स्वयंचलित करायला घेतले, आणि काम मन लावून केले, हे नमूद केले पाहिजे. नवा प्रेशर स्विच बसविला: साडेपाचाला सुरू, आठाला बंद. मोटरचा सारा प्रवाह त्या लहानशा स्विचच्या संपर्कांवरून नेण्याऐवजी कॉन्टॅक्टर आणि ओव्हरलोड रिले घालून पंपासारखा स्टार्टर केला. वीज जाऊन परत आली तरी यंत्र आपणहून सुरू होणार नाही, हिरवे बटण माणसानेच दाबले पाहिजे, अशी तजवीज ठेवली. पट्ट्यात हात असताना वीज परत आली तर काय होईल, याचा विचार त्यामागे होता. पट्ट्यावर जाळीचे आवरण आले. बंद होताना पंप आणि टाकी यांमधल्या नळीत अडकलेली हवा सोडणारा छोटा अनलोडर आला, म्हणजे पुढच्या वेळी मोटरला दाबाविरुद्ध उठावे लागत नाही. सारे यंत्र विटांच्या भिंतीपलीकडे हलविले, कारण जेथे लॅकरची वाफ असते तेथे स्विचची ठिणगी असता कामा नये.

टायमरची मागणी अण्णांची होती. कुठल्यातरी सांध्यातून हवा झिरपायची आणि रात्री स्वाध्यायाच्या वेळी यंत्र एकाएकी धडधडू लागायचे. शिवाय अंधार पडल्यावर दिव्याभोवती जमणारे पतंग पंपाच्या तोंडाशी खेचले जात. म्हणून सायंकाळी साडेपाच ते सकाळी आठ यंत्र पूर्ण बंद. हवा खेचणाऱ्या तोंडावर जाळी आणि आत फेल्टचा फिल्टर होताच. तो अण्णा दर आठवड्याला काढून झाडत. पाणी गाळल्याखेरीज पिंपात न जाणाऱ्या घरात हवा तरी न गाळता कशी घ्यायची, असे ते हसून म्हणत.

आता उरला तो ड्रेन कॉक. अण्णांचे गुडघे दुखू लागले होते. टाकीखाली वाकून तो कॉक उघडणे त्यांना जड जाई. नातवाने तेथे सोलेनॉइड व्हॉल्व्ह लावला: यंत्र चालू असताना दर अर्ध्या तासाने तीन सेकंद उघडायचे आणि मिटायचे. त्या फवाऱ्याने फरशी तेलकट होते, आणि आक्कांच्या जपाच्या वेळी मध्येच फस्सकन आवाज होतो, म्हणून त्याची नळी भिंतीतून बाहेर काढून एका झाकणाच्या बरणीत सोडली. तेलकट पाणी उघड्यावर पडून मुंग्या मरू नयेत, हाही हेतू. प्रत्येक योजनेमागे चांगला विचार होता. सगळ्या चांगल्या विचारांची बेरीज मात्र अशी झाली, की टाकीतले पाणी आता कोणाला दिसत नव्हते, त्याचा आवाज कोणाला ऐकू येत नव्हता, आणि त्यासाठी कोणाला वाकावे लागत नव्हते.

पुढची दोन वर्षे यंत्र आज्ञाधारकपणे चालले. दर अर्ध्या तासाने सोलेनॉइडचा 'टक्' असा आवाज येई आणि अण्णा समाधानाने रंध्याकडे वळत. इतर देखभाल त्यांनी सोडली नव्हती. तेलाची पातळी काचेच्या मध्यावर आहे ना, ते पाहत. तेल दुधी दिसू लागले की बदलत. पट्टा अंगठ्याने दाबला तर साधारण अंगठ्याच्या जाडीइतका दबावा, हा त्यांचा अंदाज. सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहत. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी महिन्यातून एकदा ओढून तो मोकळा आहे याची खात्री करीत. ती किंकाळी ते विसरले नव्हते.

दुसऱ्या वर्षी एक नवल घडले. रिकामी टाकी भरायला पूर्वी पाच मिनिटे लागत, ती आता पावणेचार मिनिटांत भरू लागली. अण्णांना आनंद झाला. नवा फिल्टर, नवे तेल, नवा पट्टा, म्हणून यंत्र चपळ झाले, असे त्यांनी नातवाला फोनवर सांगितले. नातू तेव्हा शिक्षण संपवून पुण्याला नोकरीस लागला होता, त्यालाही बरे वाटले. तोट्याच्या खुणा नफ्यासारख्या दिसतात तेव्हा त्या ओळखणे कठीण असते. टाकी लवकर भरत होती, कारण ती लहान झाली होती. तिच्या पोटात चौथा हिस्सा पाणी होते.

हे उघडकीस आले ते श्रावणात. पाठशाळेसाठी २४ डेस्के करायची होती आणि भाद्रपद शुद्ध पंचमीला, दशलक्षण पर्वाच्या पहिल्या दिवशी, मुलांनी त्यांवर बसून लिहावे असे ठरले होते. सोळा डेस्के आधीच्या उन्हाळ्यात पुरी झाली होती. उरलेल्या आठांवर लॅकर मारले, तर ते सुकताना पांढरट, धुरकट झाले. दमट हवेत लॅकरला असे होते, हे अण्णांना माहीत होते. त्यांनी पावसाला दोष दिला, उघाडीची वाट पाहिली, पुन्हा घासून पुन्हा मारले. या वेळी धुरकटपणाबरोबर मोहरीएवढे खड्डे उठले. त्यांनी फवाऱ्याची बंदूक लॅकरविना नुसतीच कोऱ्या कागदावर धरली. कागदावर पाण्याचे थेंब उमटले.

अण्णा मागच्या भिंतीबाहेर गेले. बरणीचे झाकण उघडले. बरणी कोरडी होती. तळाशी तेलाचा वाळलेला डाग आणि कोळ्याचे जाळे. किती महिने ती अशी कोरडी होती, हे सांगणारे कोणी नव्हते. सोलेनॉइड अर्ध्या तासाने 'टक्' करीत होता, परंतु त्याच्या आधीच्या बारीक जाळीत गंजाचे पापुद्रे घट्ट बसले होते. दार वाजत होते, उघडत नव्हते.

यंत्र बंद करून, हवा सोडून, अण्णांनी खालचा प्लग काढला. तांबूस, दुर्गंधी पाणी येऊ लागले आणि येतच राहिले. आक्कांनी बादली आणून दिली, ती भरल्यावर दुसरी आणली. दोन बादल्या भरल्या. आक्का काहीच बोलल्या नाहीत. अण्णा तेथेच पाटावर बसून राहिले. गळलेल्या पाण्यापेक्षा त्यांना दुसरीच गोष्ट लागली होती: सुट्टीच्या दिवशी नातवंडे त्याच टाकीवर घोडा घोडा करीत बसत.

त्यांच्या तरुणपणी हरिपूरच्या पेवांत हळद ठेवण्याची पद्धत होती. पेव उघडले की हमाल लगेच आत उतरत नसत. तोंड मोकळे ठेवून काही तास जाऊ द्यायचे, मग दोरीने पेटता कंदील खाली सोडायचा. तो विझला तर त्या दिवशी कोणी उतरायचे नाही. बंद पोटाच्या वस्तूवर विश्वास टाकायचा नाही, हे वडिलांनी त्यांना पेवाच्या काठावर उभे करून शिकविले होते. ती शिकवण हळदीपुरतीच आहे, असे त्यांनी मधल्या काळात कसे धरून चालले, याचे उत्तर त्यांना स्वतःलाही देता आले नाही.

कारखान्यांतील अशा टाक्यांची वेळोवेळी तपासणी करावी लागते. १९४८च्या कारखाने अधिनियमात दाबाखालील यंत्रसामग्रीसाठी स्वतंत्र कलमच आहे. घरामागच्या शेडला तसा कोणी विचारणारा नसतो. अण्णांनी रिक्षा-टेंपोत टाकी घातली आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत हायड्रोटेस्टसाठी नेली. या चाचणीत टाकी पाण्याने काठोकाठ भरतात, आत हवेचा बुडबुडाही ठेवत नाहीत, आणि हातपंपाने दाब चढवीत नेतात. पाणी जवळजवळ दबत नाही, म्हणून टाकी फुटलीच तर धार लागते, स्फोट होत नाही. हवेने ही परीक्षा कधीही घेऊ नये. आठ किलोच्या टाकीला दीडपट, म्हणजे बारा किलोपर्यंत न्यायचे होते. दहाच्या जरा अलीकडेच काटा थबकला आणि मागे सरकू लागला. टाकीच्या पोटाखाली, पायाच्या जोडाजवळ, केसासारखी बारीक तुषारांची रेघ दिसत होती.

मिस्त्रींनी तेथला निळा रंग खरवडला. खाली तळहाताएवढे जुने ठिगळ होते, सफाईने घासून, लांबी भरून लपविलेले. कोणीतरी, केव्हातरी, गळकी टाकी वेल्डिंग करून, रंग देऊन विकली होती. "ठिगळ नसतं तर अजून काही वर्षं गेली असती," मिस्त्री म्हणाले, "आणि पाणी साचलं नसतं, तर ठिगळही तगलं असतं." एकाच वाक्यात त्यांनी दोन्ही माणसांचा वाटा मोजून दिला. अण्णांना ते न्याय्य वाटले.

शेजारच्या ठिगळाबरोबर आणखी एक ठिगळ मारून देण्याची तयारी तेथल्याच एकाने दाखविली. आजूबाजूचा पत्राच जेथे पातळ झाला आहे, तेथे शिवण कशाला धरणार, असे म्हणून मिस्त्रींनीच ते परतविले. मग तिसरा पर्याय समोर आला. चहाच्या गाडीपाशी बसलेला एक जुन्या मालाचा व्यापारी उठून आला आणि टाकीचे ४,५०० रुपये देतो म्हणाला. गावाकडे पंक्चरच्या दुकानदारांना अशा टाक्या लागतात. ठिगळ, रंग, सारे तो पाहून घेईल. भंगारात तिचे फार तर १,२०० रुपये आले असते.

त्या रात्री घरी यावर बोलणे झाले. थोरल्या मुलाचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. "अण्णा, तुम्ही काही लपवून विकत नाही. टाकी गळते, हे त्याला ठाऊक आहे. पुढं तो काय करतो, ते त्याच्यावर." व्यापारात असे सौदे रोज होतात, 'आहे तसा माल' या तीन शब्दांवर बाजार चालतो. अण्णांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "घेणाऱ्याला ठाऊक आहे, हे खरं. पण पंक्चर काढायला जे पोर तिच्याशेजारी बसेल, त्याला कुठं ठाऊक आहे?" अचौर्य व्रताच्या पाच अतिचारांत प्रतिरूपक-व्यवहार येतो, हलका माल चांगल्याच्या रूपात खपविणे. तो अतिचार पहिल्या हाताला लागतो की तिसऱ्या, अशी चर्चा मुलाने हसत हसत सुरू केली. ती बरीच रंगली आणि अनिर्णितच राहिली. मुलाचे पूर्ण समाधान झाले नाही, आजही नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तोच गाडी घेऊन अण्णांबरोबर कुपवाडला आला.

मिस्त्रींकडून ड्रिल मागून घेऊन अण्णांनी टाकीला दोन्ही टोकांना आणि मध्ये, अंगठा जाईल एवढी पाच भोके पाडली. ७६ वर्षांच्या हातांना त्यास तासभर लागला. मुलगा मदतीला पुढे झाला, तेव्हा शेवटची दोन त्याने पाडली. टाकी १,१८० रुपयांना भंगारात गेली. जुन्या मालाचा व्यापारी लांबून पाहत होता. "शेठजी, लोखंड वाया घालवलंत," एवढेच तो म्हणाला.

पाठशाळेत १६ डेस्के वेळेवर पोहोचली. उरलेल्या आठांचे लॅकर घासून काढून अण्णांनी त्यांना हाताने जवसाचे तेल चोळले; ते काम अनंत चतुर्दशीपर्यंत चालले. लहान मुले त्याच आठांसाठी भांडतात, कारण ती हाताला ऊबदार लागतात.

नातू क्षमावाणीला घरी आला होता. त्याला दोष कोणी दिला नव्हता, तरी तो ओशाळला होता. "अण्णा, मी बरणी काचेची, समोर दिसेल अशी ठेवायला हवी होती. आणि त्या जाळीची साफसफाई वहीत लिहून द्यायला हवी होती." अण्णा म्हणाले, "तू माझं काम काढून घेतलंस, ते मीच सांगितलं होतं. लक्ष काढून घ्यायला तू सांगितलं नव्हतंस." मग दोघे नव्या टाकीपाशी बसले. ही टाकी निर्मात्याच्या चाचणीच्या दाखल्यासह आणली आहे. दाखला अण्णांनी दुकानाच्या परवान्यांच्या फाईलमध्ये लावला आहे, आणि पुढची हायड्रोटेस्ट कधी करायची ती तारीख टाकीच्या अंगावरच रंगाने लिहिली आहे.

या वेळची मांडणी निराळी आहे. तळापासून एक जाड नळी गुडघ्याच्या उंचीपर्यंत आणून तिच्यावर लांब दांड्याचा बॉल व्हॉल्व्ह बसविला, म्हणजे वाकावे लागत नाही. सोलेनॉइड नाही. सायंकाळी साडेपाचला टायमर यंत्र बंद करतो आणि एक बारीक घंटी वाजवितो. दांड्याजवळ एक लिमिट स्विच आहे. दांडा पूर्ण उघडून त्या स्विचला टेकविल्याशिवाय दुसऱ्या दिवशी हिरवे बटण कितीही दाबले तरी मोटर हलत नाही. पाणी काढण्याचे काम यंत्राकडे नाही. ते काढले की नाही, एवढे मात्र यंत्र विचारते. स्वयंचलनाचा असा उपयोग पुष्कळांना उलटा वाटेल. नातवाच्या कार्यालयातील मित्रांनाही तो उलटाच वाटला, असे त्याने सांगितले.

पाणी काचेच्या मापात पडते. अडतीवरची एक कोरी लाल वही अण्णांनी त्यासाठी घेतली आहे. रकाने जुन्या सवयीने आखलेले: तिथी, टाकी भरण्यास लागलेली मिनिटे, तेल, पट्टा, पाणी. मापातले तेलकट पाणी एका कॅनमध्ये साठवितात. कॅन भरला की ज्या गॅरेजमध्ये जळके तेल गोळा होते, तेथे देतात. दर रविवारी पुण्याहून फोन येतो, आणि घरच्यांची विचारपूस झाल्यावर नातू विचारतो, "पाणी किती?" आषाढात १९० मिलिलिटर. वैशाखात अवघे ४०. भरण्याची वेळ कायम पाच मिनिटे. एकदा ती चार मिनिटे पन्नास सेकंद आली, तेव्हा अण्णांनी कॉक दोनदा उघडून पाहिला, आणि शेवटी घड्याळच मागे पडते आहे असे निघाले.

परवा आक्कांनी ताटे मांडली, तरी शेडमधून आवाज आला नाही. घंटी वाजून गेली होती. त्या पदर खोचून मागे गेल्या, तर अण्णा पाठशाळेच्या दोन मुलींना काचेचे माप उजेडात धरून दाखवीत होते आणि दांडा उघडण्याचा मान कोणाला, यावर त्या दोघींचे एकमत होत नव्हते. "आधी वही आणा," अण्णा म्हणाले. सूर्य मावळायला अजून पाऊण तास होता.